एकट्याने बाइकवर गोवा: हायवे की किनारा?

हायवेने जाऊ की किनाऱ्याने असं विचारलंयस ना, तर घाई नसेल तर डोळे झाकून किनारा. मी पहाटे पुण्यातनं निघून ताम्हिणी उतरलो, माणगाव, म्हसळा करत बागमांडल्याला, तिथनं फेरीबोटीत गाडी टाकून सावित्री ओलांडली की वेसवी, पुढे दाभोळ-धोपावे, मग तवसाळ-जयगड, म्हणजे तीनदा बोट. बोटीत गाडी नुसती साइड स्टँडवर सोडू नको, गिअरमध्ये टाक आणि हँडल धरून उभा राहा, माझी एकदा शेजारच्या टेम्पोवर रेलली (आरसा गेला, वर टेम्पोवाल्याच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्या). ट्यूबवाले टायर असतील तर एक ट्यूब बरोबर ठेवच, गुहागरच्या अलीकडे भर दुपारी दोन किलोमीटर ढकललीये मी. आणि पेट्रोल अर्ध्यावर आलं की दिसेल त्या पंपावर भरून घे.