मदत हवी आहे: तमिळ ईळमच्या संघटना आणि त्यांची आपसातली वैरं

मंडळी, एम.ए.च्या सेमिनारसाठी श्रीलंकेतल्या तमिळ सशस्त्र गटांवर टिपण लिहितोय आणि पार गुंतलोय. एलटीटीई (म्हणजे 'तमिळ टायगर्स'), टेलो, प्लोट, ईपीआरएलएफ, इरोस... सगळ्यांना हवं तमिळ ईळम, म्हणजे तमिळांचं वेगळं राष्ट्र, पण आद्याक्षरांचं नुसतं कडबोळं!

सुरुवात कळते. विद्यापीठ प्रवेशातलं 'प्रमाणीकरण' (तमिळ विद्यार्थ्यांना प्रवेशासाठी जास्त गुण लागायचे), सिंहली भाषेला आणि बौद्ध धर्माला झुकतं माप देणारी 1972ची राज्यघटना, वेगळ्या तमिळ राष्ट्राची मागणी करणारा 1976चा वट्टुकोट्टै ठराव, मग 1983च्या तमिळविरोधी दंगली आणि भारतातलं प्रशिक्षण. अडतं पुढे. एलटीटीईचे प्रभाकरन आणि पुढे प्लोट काढणारे उमा महेश्वरन हे आधी एकाच संघटनेतले, एलटीटीईतले. तरी 1982 साली मद्रासच्या पाँडी बाजारात भर रस्त्यात एकमेकांवर गोळ्या झाडतात. 1985 मध्ये टेलो, ईपीआरएलएफ, इरोस आणि एलटीटीई आघाडी करतात, भूतानमधल्या थिंफूला सगळे गट श्रीलंका सरकारशी एकत्र बोलणी करतात. आणि वर्षभरात, मे 1986 मध्ये, एलटीटीई टेलोचा कणाच मोडते. टेलोचे प्रमुख श्री सबारत्नमही मारले जातात. 1990 मध्ये ईपीआरएलएफचे नेते पद्मनाभ यांनाही एलटीटीई मद्रासमध्येच मारते.

प्लोट, ईपीआरएलएफ डावी भाषा बोलत, हे खरं. पण मला तरी हे भांडण विचारांपेक्षा 'तमिळांचा एकमेव प्रतिनिधी कोण' याचंच वाटतं. सर म्हणतात, जात आणि प्रदेशही बघ. हा धागा कसा पकडू? मराठीत काही वाचण्याजोगं असेल तर तेही सांगा. सादरीकरण सोमवारी आहे.