मदत हवी आहे : अंगणातला काँक्रीटचा रस्ता डागडुजी करावा की उखडावा?

रत्नागिरीजवळ, गेटपासून पडवीपर्यंत ४० फूट लांब, १० फूट रुंद, ४ इंची काँक्रीट. खाली मातीचा भराव, सोलिंग (ठोकून बसवलेल्या दगडांचा थर) नाही. मधे एकही जॉइंट (मुद्दाम ठेवलेला काप) नाही, खरं दुखणं तिथूनच सुरू झालं असावं. एवढ्या जाडीला दर ८-१० फुटांवर काप हवा होता.

पडवीकडच्या २८ फुटांत केसासारख्या भेगा आहेत, पण दोन्ही कडा एका पातळीत आणि हातोडीने ठोकलं तर आवाज भरीव येतो. गेटकडचे १२ फूट मात्र पाऊण इंच खचलेत, आवाज पोकळ. डोंगराकडचं पाणी कडेने आत शिरून पावसाळाभर भराव धुऊन नेतं.

गवंडी वरून इंचभर कोबा घालू म्हणतात. मला ते पटत नाही, खालची पोकळी तशीच राहणार आणि पातळ थर गाडीच्या चाकाखाली सुटणार.

माझा विचार असा: फक्त गेटकडचा खचलेला भाग तोडायचा, ६ इंच दगडी सोलिंग ठोकून बसवायचं, वर ५ इंच एम-२० प्रतीचं काँक्रीट (साधारण ५० घनफूट, ११-१२ गोणी सिमेंट), जुन्या-नव्यात जॉइंट, आणि आधी कडेला चिऱ्याचं गटार. सगळंच नव्याने केलं तर ३८ गोणी लागतील.

जुना भाग ठेवणं योग्य आहे का? खचलेल्या भागात काँक्रीटऐवजी पेव्हर ब्लॉक बसवले तर आपल्या पावसात खालची ग्रीट (बारीक खडीचा थर) टिकते का? काम मे महिन्याआधी उरकायचं आहे, पाणी मारायला निदान १० दिवस मिळायला हवेत.