नानीने घर सोडले, ते कोणाच्या मर्जीने?

आत्या (दारव्हा): सुट्टीत मुलांना ‘लिलो अँड स्टिच’ हा चित्रपट दोन्ही रूपांत दाखवला, २००२ चा रेखाटलेला आणि २०२५ चा खऱ्या कलाकारांचा. प्रयोग क्रमांक ६२६, म्हणजे परग्रहावर घडवलेला स्टिच, हवाईतल्या बेटावर येऊन पडतो आणि आईवडील गमावलेल्या दोन बहिणींच्या घरात शिरतो, ही गोष्ट तीच आहे. मात्र नव्यात थोरली नानी सागरी जीवशास्त्र शिकायला कॅलिफोर्नियाला जाते आणि लिलोला शेजारच्या टुटू आजीकडे ठेवते. सरकारने बहीण नेऊ नये म्हणून जी नोकरी शोधत वणवण फिरली, तिला असा शेवट देणे मला पटले नाही.

पुतणी (अमरावती): आत्या, मला तो शेवट आवडला. बारावीनंतर मी इकडे आले, तेव्हा धाकट्याला मोठ्या आईनेच सांभाळले. त्याला कोणी टाकून दिले असे आपण म्हटले नाही. नात्यातल्या किंवा ओळखीच्या माणसांनी मूल आपले म्हणून वाढवण्याची रीत हवाईतही जुनी आहे.

दादा (वर्धा): मला वेगळेच खटकले. रेखाटलेल्या चित्रपटात स्टिचला घडवणारा चार डोळ्यांचा परग्रहावरचा शास्त्रज्ञ जुंबा बायकी टोप घातलेल्या प्लीकलीला, आपल्या परग्रहवासी जोडीदाराला, घेऊन गावभर फिरतो आणि आपण ते मान्य करतो. नव्यात दोघांनाही बहुतेक वेळ माणसांचे रूप दिले आहे. त्याहून मोठे नुकसान असे की, स्टिचला पकडायला येणाऱ्या गँटूला वगळल्यामुळे खलनायकाचे काम जुंबावर आले. ज्याने हा विध्वंसक जीव घडवला, तोच शेवटी त्याच्या घराचा माणूस होतो, हे विज्ञानकथेचे सर्वांत सुंदर वळण त्यामुळे गेले. जलरंगातल्या पार्श्वभूमीची तर मला पदोपदी आठवण आली.

मोठे बाबा: मी दोन्ही लक्षपूर्वक पाहिले. पुतणीचे उदाहरण खरे आहे, पण ते येथे लागू होत नाही, कारण नानी केवळ शिकण्यासाठी बहिणीला सोडत नाही. लिलो पाण्यात बुडता बुडता वाचते, विमा नसतो, आणि नानीने पालकत्व सोडले तर दवाखान्याचा खर्च सरकार उचलेल, असे समाजसेविका सांगते. दवाखान्यापायी शेत गहाण पडलेले आपण पाहिले आहे. तशा सहीला कोणी मर्जी म्हणत नाही. खऱ्या मुलीला पाण्यात पाहून छातीत धस्स होते, ही नव्या चित्रपटाची ताकद आहे, परंतु त्याच प्रसंगातून निघालेला अन्याय तो शेवटी शिक्षणाच्या आनंदाखाली झाकून टाकतो. जुंबाच्या यंत्राने दार उघडून नानी क्षणात घरी येऊ शकते, या सोयीने तर तो प्रश्नच उरत नाही.

पुतणी (अमरावती): मोठे बाबा, बिलाचा मुद्दा मला मान्य आहे. तरी नानीने शिकू नये, असे मी म्हणणार नाही. सही केल्यानंतरचा तिचा संताप एका पूर्ण प्रसंगात दाखवला असता आणि मग ती गेली असती, तर आत्यांनाही तिचे जाणे सोसले असते.

आत्या (दारव्हा): हो, तसा प्रसंग असता तर सोसले असते. टुटू आजीबद्दल माझी तक्रार नव्हतीच.