मदत हवी आहे: बिज्याच्या पाण्याची उंदरांवर चाचणी, डोस कसा ठरवू?

नमस्कार मंडळी,

मी एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांचा शरीरावरचा परिणाम. गाव गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेड्याकडे. प्रबंधासाठी बिजा घेतला आहे, म्हणजे विजयसारचं झाड. आमच्याकडे मधुमेहावर त्याच्या लाकडाचा पेला वापरतात. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी उपाशीपोटी प्यायचं. पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस होतं आणि उन्हात धरलं की त्यात निळी झाक दिसते. ज्यांनी पेला दिला त्या वैदूबाबांनी बजावलं होतं, की हे उकळायचं नाही.

माझी माय दोन वर्षांपासून हे पाणी पिते. गेल्या दिवाळीपासून तिने मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची गोळी, बंद केलं. म्हणते, "शुगर तं उतरली ना, मंग दवाई कायले खाऊ?" गावात असं करणारी ती एकटी नाही, म्हणून या प्रश्नाचं खरं उत्तर मला हवंच आहे, मग ते बिज्याच्या बाजूने येवो की विरुद्ध.

अडचण इथून सुरू होते. गाइड सर म्हणतात, लाकडाच्या भुशाचा इथेनॉलमध्ये अर्क काढ आणि उंदराच्या वजनाच्या किलोमागे 200 आणि 400 मिलिग्रॅम दे, सगळे पेपर असेच आहेत. पण माय इथेनॉल पीत नाही. बिज्यातलं टेरोस्टिलबीन (साखर उतरवतो असं मानला जाणारा घटक) पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, इथेनॉलमध्ये मात्र उतरतं. मग मी नेमकं तपासणार काय?

मी घरच्या पेल्यातलं 200 मिली पाणी वॉटर बाथवर आटवून पाहिलं. तळाशी तपकिरी पापुद्रा राहिला, वजन साधारण अर्धा ग्रॅम. 60 किलोच्या माणसाला ते किलोमागे 8.3 मिलिग्रॅम पडतं. माणसाच्या डोसवरून उंदराचा काढायला 6.2 ने गुणतात, तसं केलं तर किलोमागे सुमारे 52 मिलिग्रॅम. उलट हिशेब केला तर सरांचा 200 चा डोस म्हणजे माणसाने रोज जवळपास चार पेल्यांचा अर्क घेणं आणि 400 म्हणजे आठ पेल्यांचा. एवढं कोणी पीत नाही.

माझा विचार असा आहे: निरोगी गट, मधुमेही गट, ग्लिबेनक्लामाइड (तुलनेसाठी मधुमेहाचं नेहमीचं औषध), पाण्याचा अर्क किलोमागे 50 मिलिग्रॅम, पाण्याचा अर्क 200 आणि इथेनॉलचा अर्क 200. प्रत्येकी 6 म्हणजे 36 विस्टार उंदीर. प्राणी नैतिकता समितीला हा आकडा जास्त वाटेल का? 50 वर काहीच फरक दिसला नाही तर तो निष्कर्ष प्रबंधात ग्राह्य धरतात का?

दुसरा प्रश्न मॉडेलचा, म्हणजे उंदरांत मधुमेह कसा निर्माण करायचा याचा. पायलटमध्ये समितीच्या परवानगीने 6 उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिन (मधुमेह निर्माण करणारं रसायन) किलोमागे 60 मिलिग्रॅम दिलं, थंड सायट्रेट बफरमध्ये, पीएच 4.5, लगेच विरघळवून लगेच टोचलं. पहिल्याच रात्री दोन मेले. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी फुटताना इन्सुलिन एकदम बाहेर पडतं आणि साखर कोसळते, म्हणून पहिला दिवस ग्लुकोजचं पाणी ठेवायचं असतं. मी साधं पाणी ठेवलं होतं. सकाळी पिंजऱ्यात ते दोघे ताठ पडलेले पाहिले, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. ही चूक पुन्हा होणार नाही.

पण नुसत्या स्ट्रेप्टोझोटोसिनने बीटा पेशीच जातात, ते टाइप 1 सारखं झालं. मायचा मधुमेह टाइप 2 आहे. आधी निकोटिनामाइड (बीटा पेशींना काही अंशी वाचवणारं) देऊन मग स्ट्रेप्टोझोटोसिन द्यावं, की काही आठवडे चरबीयुक्त आहार देऊन कमी डोस? दुसऱ्याचा खर्च आमच्या कॉलेजला झेपेल असं वाटत नाही. ज्यांनी पहिली पद्धत केली आहे त्यांनी सांगावं, चार आठवडे साखर चढलेली राहते का, की मधेच आपोआप उतरते? तसं झालं तर श्रेय फुकट बिज्याला जाईल.

आणखी एक. आमच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये एप्रिल-मेमध्ये लाइट गेली की तापमान 30 च्या वर जातं. उंदरांसाठी ते 22 च्या आसपास हवं. उकाड्याच्या ताणाने साखर वाढते, त्यामुळे प्रयोग पावसाळ्यावर ढकलावा असं मला वाटतं. सर तयार नाहीत. त्यांना काय दाखवून पटवू?

मायला मी परत गोळ्या सुरू करायला लावल्या आहेत, पुढच्या आठवड्यात तिची एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) करतो आहे. समितीची बैठक महिनाअखेरीस आहे, गट आणि डोस बदलायचे तर अर्ज त्याआधी द्यावा लागेल. कोणी असा सुधारित अर्ज केला असेल तर डोसचं कारण कसं मांडलं ते कळवा.