मदत हवी आहे: सासूबाईंना भर मे महिन्यात अनवाणी हत्तीखाना (अंबाजोगाईची लेणी) बघायचाय, काय करू?

मंडळी नमस्कार, मी लातूरची. थोडं लांबतंय, पण पूर्ण वाचा प्लीज.

आमच्या सासूबाईंचं (आम्ही आत्याच म्हणतो) माहेर अंबाजोगाईचं. वय 68, बीपीची गोळी चालू. मागच्या रविवारी त्या म्हणाल्या की चला, मला बारखांबी बघायची, लहानपणी वडिलांच्या बोटाला धरून बघितली होती. सकाळी लवकर निघू म्हणता म्हणता पोरांचं आवरून, रेणापूरला चहा करून, आधी योगेश्वरीचं दर्शन घेऊन तिथं पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. मे महिन्यातले साडेबारा, आपल्याकडचे. म्हणजे कळलंच असंल.

आता बारखांबी म्हणजे सकलेश्वराचं यादवकाळातलं देऊळ, शिखर केव्हाच गेलंय, कोरीव खांबांचा मंडप तेवढा उभा आहे. 2024 ला तिथल्या आवारात खोदकामात आणखी दोन देवळांची जोती निघाली, ते ऐकल्यापासून आत्यांनी धोशाच लावलेला. गेल्या गेल्या त्यांनी चपला काढल्या. मी म्हणलं आत्या अहो इथं पूजा नाही काही नाही, सगळे चपला घालूनच फिरायलेत, तर म्हणे देव गेला म्हणून जागा जाती का? यावर काय बोलावं!

काळा दगड नुसता तवा झालेला. आत्या एका खांबाच्या सावलीतून पळत दुसऱ्या खांबाच्या सावलीत जायच्या, डोक्यावर पदर, आणि प्रत्येक खांबाला हात लावून मोजायच्या. दोनदा मोजणी चुकली म्हणून परत पहिल्यापासून! मला हसू पण येत होतं आणि काळजी पण. बाटलीतलं पाणी चहासारखं झालेलं, माझा मोबाईल तापून बंद पडला त्यामुळं फोटो फक्त चार. दीडच्या सुमारास त्या जोत्यावर बसल्या ते उठेचनात, चक्कर, मळमळ, हातपाय गार. सावलीला आडवं केलं, ओला टॉवेल, लिंबूपाणी, अर्ध्या तासात बऱ्या झाल्या. घरी येऊन बघते तर दोन्ही तळव्यांना फोड. आणि वर म्हणायल्यात, "हत्ती राहिले माझे."

म्हणजे हत्तीखाना, तिथल्या लेण्यांतले दगडी हत्ती. थांबून हिवाळ्यात जावं तर जूनमध्ये त्यांचं पुण्याला गुडघ्याचं ऑपरेशन आहे, नंतर कधी जमंल सांगता येत नाही. तर याच महिन्यात परत न्यायचं ठरलंय. विचारायचं हे की वेळ कोणती धरू, पायाचं काय करू (चपलेला त्या तयार होणार नाहीत, ते सोडा), आणि चक्कर परत आली तर काय?

प्रतिसाद 1
दिवाळीनंतर जा की ताई, हत्ती काय पळून जायलेत का? 😄

प्रतिसाद 2
वरच्यांनी शेवटचा पॅरा वाचला नाही वाटतं.
ताई, आधी सांगा शुगर आहे का त्यांना? असेल तर तळव्याचे फोड घरी बघू नका, डॉक्टरला दाखवा. नसेल तर फोड फोडू नका, टूथपेस्ट-हळद काही लावू नका, आणि कातडी पूर्ण भरल्याशिवाय नेऊच नका. दुसरं, बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, उन्हात अंगातलं पाणी अजून कमी होतं. त्यांची तसली आहे का ते डॉक्टरला विचारा, पण आपल्या मनानं गोळी बंद करू नका. ओआरएसचं पाकीट पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, मोठं असेल तर पूर्ण एक लिटर. आपल्याकडं लोक ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट ओततात. आणि बोलणं असंबद्ध झालं, अंग भट्टीसारखं तापलं किंवा शुद्ध हरपली तर लिंबूपाणी पाजत बसू नका, अंगावर पाणी ओतत, वारा घालत 108. गावात सरकारी मेडिकल कॉलेजच आहे, तेवढं एक बरं.

प्रतिसाद 3
मी अंबाजोगाईचाच. मुक्काम करा, सकाळी साडेसहाला हत्तीखान्यात. लेणी आतून गार असतात पण हत्ती आणि नंदीमंडप बाहेर उघड्या अंगणात आहेत, तिथं नऊनंतर उभं राहवत नाही. संध्याकाळी जाऊ नका, ऊन उतरलं तरी दगड उतरत नाही. पायाला जाड सुती मोजे घाला, दोनावर दोन. आमची आजी मोज्याला हो म्हणायची, चामडं नाही ना त्यात.

धागाकर्ती
शुगर नाही, देवाची कृपा. गोळीचं उद्या विचारते. मोजे दाखवले आत्यांना, म्हणल्या शाळंच्या पोरावानी दिसंल, पण नाही म्हणल्या नाहीत 🙏 म्हणजे होच.
प्रतिसाद 3 वाले दादा, अजून एक. हत्तीखान्यात उतरताना पायऱ्या उंच आहेत का हो, आणि धरायला काही आहे का? गुडघा लै दुखतो त्यांचा.