भाड्याच्या सामाईक घरात वायफाय नीट कसे बसवावे?

दुसरामजला_दादर

नमस्कार. दादर पूर्वेला हिंदू कॉलनीतील एका जुन्या इमारतीत आम्ही चौघे जण अकरा महिन्यांच्या करारावर राहतो. बांधकाम विटांचे असल्यामुळे भिंती चांगल्याच जाड आहेत. फायबरची जोडणी मुख्य दाराशी, विजेच्या मीटरशेजारी आलेली असून कंपनीने दिलेला राउटरही तिथेच टांगलेला आहे. दिवाणखान्यात शंभर एमबीपीएसचा प्लॅन पुरेपूर मिळतो, पण स्वयंपाकघर ओलांडून मागच्या खोलीत गेले की व्हिडिओ कॉलसुद्धा अडखळतो. ग्राहक सेवेकडे तक्रार केली असता तीनशेचा प्लॅन घेण्याचा सल्ला मिळाला. घरमालकांची अट अशी आहे की भिंतीला भोक पाडायचे नाही. अशा स्थितीत प्लॅन वाढवावा, रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारे यंत्र) लावावा की मेश संच (मिळून एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे) घ्यावा? शिवाय आमच्यापैकी एक जण बँकेचे काम घरून करते, त्यामुळे चौघांनी एकच पासवर्ड वापरणे कितपत योग्य आहे, हेही कृपया सांगावे.

गिरगावचा_वायरमन

प्लॅन मुळीच वाढवू नका. दिवाणखान्यात शंभर मिळत आहेत, याचाच अर्थ कंपनीकडून येणारी लाइन ठीक आहे आणि दोष तुमच्या घरातल्या घरात आहे. तीनशे घेतल्यास दिवाणखान्यात तीनशे मिळतील आणि मागची खोली आहे तिथेच राहील.

५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान असला तरी जाड भिंतीपुढे लवकर दमतो, आणि २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंत ओलांडतो खरा, पण तिथे शेजारपाजारच्या सगळ्या राउटरांची गर्दी असते. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेले १, ६ आणि ११ एवढीच असल्यामुळे मुंबईच्या कुठल्याही इमारतीत ती भरलेली दिसतील. राउटरने चॅनेल ‘ऑटो’वर सोडले असेल तर या तिन्हींपैकी सर्वांत मोकळे असेल ते हाताने निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. राउटर आणि मागची खोली यांच्या मध्ये लोखंडी कपाट किंवा फ्रिज येत असल्यास तेही पाहा. पत्र्याच्या कपाटाइतका सिग्नलचा मोठा शत्रू घरात दुसरा नाही.

पक्का उपाय मात्र तारेचाच. जुन्या घरांत दारावर माळा असतो, त्यावरून कॅट-६ ही नेटवर्कची केबल न्या. माळा नसल्यास दाराच्या चौकटीवरून आणि भिंतीच्या तळाच्या पट्टीवरून चपटी केबल चिकटपट्टीच्या क्लिपांनी नेता येते, आणि दाराखालच्या फटीतून ती सहज जाते, म्हणजे भोक पाडण्याचा प्रश्नच येत नाही. केबल लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घेणार असाल तर ती पूर्ण तांब्याची आहे का, हे विचारून घ्या, कारण तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबलही त्याच रंगात मिळते. मागच्या खोलीत दुसरा साधा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’मध्ये लावा, म्हणजे तो नुसता वायफाय देईल आणि बाकी कारभार पहिल्या राउटरकडेच राहील. तो मोड नसेल तर त्याचा नेटवर्कवरचा पत्ता १९२.१६८.१.२ असा पहिल्या राउटरच्या ओळीतला, पण वेगळा द्या, त्याचे डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना आपोआप पत्ते वाटण्याचे काम) बंद करा आणि केबल वॅन (बाहेरचे नेट आत येण्याच्या) पोर्टमध्ये न घालता लॅन (घरातली यंत्रे जोडण्याच्या) पोर्टमध्ये घाला. डीएचसीपी दोन्हीकडे चालू राहिले तर कधी नेट चालेल, कधी नाही, आणि कारण शोधता शोधता डोके फिरेल.

रिपीटर शेवटचा पर्याय समजावा. एकाच पट्ट्यावर ऐकणे आणि पुढे सांगणे अशी दोन्ही कामे त्याला करावी लागत असल्यामुळे वेग साधारण निम्मा होतो.

माहीम_कॉजवे

वरील सल्ल्याशी सहमत आहे, परंतु घर सोडताना केबल उपटण्याचा कंटाळा असेल तर मेश संचही वाईट नाही, मात्र तोही शक्यतो केबलने जोडावा. बिनतारी जोडल्यास दुसरा डबा मागच्या खोलीत न ठेवता मधे, तुमच्या बाबतीत स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवावा. जिथे सिग्नलच पोहोचत नाही तिथे डबा ठेवून तो पुढे काय पाठवणार?

पासवर्डविषयी. चौघांना एक पासवर्ड चालेल, पण राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्ड वेगळा असावा आणि तो एकाकडेच असावा. डब्याच्या खाली छापलेला मूळ पासवर्ड आधी बदला. डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन देऊन पासवर्डाशिवाय जोडण्याची सोय) बंद करा. वायफायची सुरक्षा पद्धत ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र’ ठेवा, कारण केवळ डब्ल्यूपीए३ ठेवल्यास जुने फोन आणि प्रिंटर जोडले जाणार नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क काढावे. फक्त लक्षात असू द्या की अनेक स्वस्त राउटरांत ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये गेस्ट नेटवर्क खऱ्या अर्थाने वेगळे राहत नाही, म्हणून ते मुख्य राउटरवरच चालू करावे. बँकेचे काम करणाऱ्या ताईंनी लॅपटॉपमध्ये घरच्या नेटवर्कला ‘पब्लिक’ असे ठरवून घ्यावे, म्हणजे इतरांच्या यंत्रांना त्यांचा लॅपटॉप दिसणार नाही.

आणि जोडणी ज्याच्या नावावर आहे, तिच्या वापराबद्दलची विचारणा प्रथम त्याच्याकडेच येते. म्हणून एखादा रूममेट खोली सोडून गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदलावा. यात अविश्वास मानण्याचे कारण नाही. कुलपाची किल्लीही आपण परत घेतोच.

दुसरामजला_दादर

दोघांचेही मनापासून आभार. माळ्यावरून केबल नेली आहे. मागच्या खोलीत आता वायफायवर नव्वदच्या आसपास मिळतात. मात्र कोणाचा फोन रात्री फोटोंचा बॅकअप घेऊ लागला की दुसऱ्याचा ऑनलाइन खेळ अडकतो, हे कशामुळे होत असावे? तसेच नव्या केबलवरून पुढे कधी तीनशेचा प्लॅन घेतला तर तो चालेल ना?

गिरगावचा_वायरमन

बॅकअपमुळे अपलोडची वाट पूर्ण भरते आणि खेळाच्या माहितीची छोटी पाकिटे रांगेत मागे उभी राहतात. राउटरमध्ये क्यूओएस (कोणत्या वापराला किती वाट द्यायची ते ठरवण्याची सोय) असेल तर त्यात अपलोड आणि डाउनलोडची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या नव्वद टक्के किंवा त्याहून थोडी कमी घाला, म्हणजे रांग कंपनीच्या यंत्रात न साचता तुमच्या राउटरच्या ताब्यात राहील. हे फक्त मुख्य राउटरवर करायचे. मागच्या डब्यावर करून उपयोग नाही.

तीनशेसाठी आत्ताच एक गोष्ट तपासून घ्या. लॅपटॉप थेट त्या केबलला लावून जोडणीचा वेग १००० दाखवतो की १००, ते पाहा. गिगाबिटला, म्हणजे १०००ला, केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, शंभरला दोन पुरतात. त्यामुळे क्रिम्पिंग करताना (केबलच्या टोकाला प्लग बसवताना) एखादी तार नीट बसली नसेल तर सध्याच्या प्लॅनवर काहीच जाणवत नाही आणि मोठा प्लॅन घेतल्यावर मात्र वेग शंभराच्या आतच अडतो. बऱ्याच स्वस्त राउटरांचे पोर्टही मुळात शंभरचेच असतात, तेव्हा मागच्या डब्याचे खोके टाकले नसेल तर त्यावर ‘गिगाबिट’ लिहिलेले आहे का, तेही बघून घ्या.