निसर्गचित्रात उठलेलं गाव कसं आणायचं?

वारणाकाठ: आमची वाडी चांदोलीच्या अभयारण्यात गेली. घरच्यांना खाली सपाटीला जमीन मिळाली, मी कोल्हापुरात वाढलो. ऑइलमध्ये निसर्गचित्रं करतो. वारणा खोऱ्यातला आमच्या बाजूचा डोंगर रंगवला की बघणारे म्हणतात, "काय हिरवंगार आहे!" हिरवं आहेच. पण त्या हिरव्यात घरांची जोती आहेत, माणसांनी लावलेले आंबे आहेत. ते कुणालाच दिसत नाहीत.

मध्यंतरी के वॉकिंगस्टिक या अमेरिकन चित्रकार बाईंची चित्रं बघितली. जन्म १९३५ चा, वडील चेरोकी, म्हणजे अमेरिकेतल्या एका मूळ जमातीचे. अमेरिकेतले मोठमोठे डोंगर रंगवतात आणि त्यावर तिथल्या मूळ लोकांची नक्षी घालतात. 'फेअरवेल टू द स्मोकीज' (स्मोकी डोंगरांचा निरोप, २००७) या चित्रात जवळजवळ सगळा डोंगरच, आणि पार तळाला बारीक माणसांची रांग चाललेली. १८३८ मध्ये चेरोकींना घरादारातून हाकलून पश्चिमेला नेलं, हजारो वाटेत मेले, ती ही रांग. त्या चित्रापुढून उठवेना.

आपल्याकडं अशी नक्षी कुठनं घ्यायची? वारली चालेल काय?

जुना_ड्रॉइंग_मास्तर: वारली अजिबात नको. ती पालघर-डहाणूकडची, त्या लोकांची. तुमच्या वाडीत कुणाच्या भिंतीवर ती होती? वॉकिंगस्टिक बाईंचं बळ यातच आहे की जमीन ज्यांची, नक्षीही त्यांचीच. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहमान यांनी आपला रंकाळा, कोटितीर्थ ही तळी रंगवली. पाण्यावरचा उजेड कसा धरायचा ते त्यांच्याकडून जरूर शिका. जमीन कुणाची होती, हा प्रश्न मात्र तुमचा तुम्हालाच चित्रात आणावा लागणार.

तांबडी_माती: भावा, माणसांची रांग तेवढी उचलू नकोस. ती त्यांची वाट आहे. तुमची माणसं कशी गेली, ट्रकातनं की चालत, बरोबर काय नेलं, ते आधी घरात विचार. आणि पुनर्वसनासाठी कलेक्टर ऑफिससमोर धरणं धरून बसलेल्या आपल्या बायकांची चित्रंही काढ, पण वेगळी. सगळं एकाच कॅनव्हासवर कोंबलंस तर पोस्टर होईल.

सुई_दोरा: आज्जीची वाकळ (गोधडी) आहे का घरात? नीट बघा. धावदोरा कडेनं सुरू होतो आणि चौकोनात फिरत फिरत आत येतो. नकाशात डोंगराच्या उंचीच्या रेषा अशाच एकात एक असतात. तुमची नक्षी तिथंच असेल बघा.

वारणाकाठ: वाकळ आहे! वाडीत असतानाच शिवलेली, वर आज्जीचं जुनं लुगडं. मास्तर, वारली रद्द. आता खाली तांबड्या मातीचा थर देऊन वाळवतो, वर हिरवा लावतो आणि तो ओला असतानाच ब्रशच्या मागच्या टोकानं टाके ओरखडतो, म्हणजे तांबडं वर दिसेल. कुणाचं घर कुठं होतं त्याचा कच्चा नकाशाही आज्जी सांगेल तसा काढायला घेतलाय. त्या खोऱ्यातलं कुणी इथं असेल तर आपापल्या घराची जागा कळवा.